पिरॅमिडचे चार साक्षीदार

तांबड्या समुद्राच्या काठावर, सुएझपासून सुमारे १२० किलोमीटर दक्षिणेला वादी अल-जर्फ नावाची ओसाड जागा आहे. तिथल्या टेकडीत खडक कोरून केलेली भुयारी कोठारे आहेत. २०१३ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या कोठारांच्या तोंडाशी, दार बंद करण्यासाठी रचलेल्या अजस्र दगडांच्या मध्ये, पपायरसचे शेकडो तुकडे सापडले. लिखाण असलेले इतके जुने पपायरस त्याआधी कुठेही मिळाले नव्हते. तुकडे जुळवल्यावर हाती आली ती मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसे होती आणि काम होते गिझाच्या सर्वांत मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी दगड वाहून आणण्याचे.

मेरेरच्या नोंदी अगदी कोरड्या आहेत. आज तुऱ्याच्या खाणीवर दगड भरले, उद्या बोट निघाली, रात्री खुफूच्या तलावापाशी मुक्काम, परवा गिझाला माल उतरवला, पुन्हा माघारी. दहा दिवसांत अशा दोन किंवा तीन खेपा. तुऱ्याचा पांढराशुभ्र चुनखडक पिरॅमिडच्या बाहेरच्या आवरणासाठी लागे. रोजनिशीबरोबर हिशेबाचेही कागद मिळाले: रसद किती यायची होती, किती आली, किती बाकी. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ या कामावर देखरेख करत होता, हेही मेरेरमुळे कळते. बांधकाम प्रत्यक्ष चालू असताना, त्या कामावरच्या माणसाने लिहिलेला हा मजकूर आहे.

असे शोध पूर्वी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अडकून पडत. आपल्यापर्यंत येईतो त्यांच्या दोन ओळी उरत आणि त्याही बऱ्याचदा चुकीच्या. आता चित्र पालटले आहे. १८८२ साली लंडनमध्ये स्थापन झालेली इजिप्त एक्सप्लोरेशन सोसायटी, १९४८ पासून काम करणारे अमेरिकन रिसर्च सेंटर इन इजिप्त, शिवाय अनेक विद्यापीठे आणि संग्रहालये आपली जाहीर व्याख्याने ऑनलाइन देतात. करोनाच्या काळात सभागृहे बंद पडली आणि या प्रथेने वेग घेतला. ज्यांनी माती उकरली, तीच माणसे आपल्याला पुरावे दाखवतात. त्यातली अनेक व्याख्याने फुकट आहेत. माझ्या मते सर्वसामान्य वाचकाला विज्ञानाची रीत शिकण्याची याहून चांगली सोय आज दुसरी नाही. पिरॅमिड कसा बांधला, हा एकच प्रश्न घेतला तरी ते पटेल.

मेरेर हा पहिला साक्षीदार. पण तो बोट थेट गिझापर्यंत नेली म्हणतो आणि आज नाईल पिरॅमिडपासून कित्येक किलोमीटर दूर वाहते. मग तो खरे सांगतो का? इथे दुसरा साक्षीदार उभा राहतो, तो म्हणजे परागकण. गिझाच्या पायथ्याच्या सपाट जमिनीत खोल छिद्रे घेऊन गाळाचे उभे नमुने काढण्यात आले. परागकणांचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षे ते गाळात टिकते. कोणत्या थरात पाणथळीतल्या लव्हाळ्यांचे पराग जास्त आणि कोणत्या थरात कोरड्या जमिनीतल्या वनस्पतींचे, हे मोजले की त्या काळी पाणी किती होते याचा अंदाज येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की नाईलचा एक फाटा तेव्हा गिझाच्या पायथ्याशी होता आणि खुफू, खाफ्रे, मेंकौरे या तिन्ही राजांच्या काळात त्यात बोटी चालतील इतके पाणी होते. पुढे तो आटत गेला. मुकादमाची नोंद आणि गाळातले पराग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोघांची साक्ष जुळते.

तिसरा साक्षीदार हाडांचा. पिरॅमिडच्या आग्नेयेला, वाळूखाली, कामगारांची वसाहत आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती उकरली. तिथे रस्ते निघाले, लांबलचक बराकी निघाल्या, पाव भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या. प्राण्यांच्या हाडांचा तर खच होता. प्राणी-पुरातत्त्वज्ञ रिचर्ड रेडिंग यांनी ती हाडे तपासली, तेव्हा त्यात गाईगुरे, मेंढ्या आणि बकऱ्या भरपूर होत्या. गुरांमध्ये तरुण नरांचे प्रमाण मोठे होते. दुधाच्या आणि पैदाशीच्या माद्या मागे ठेवून खोंड इथे पाठवले जात होते, म्हणजे वसाहतीला मांस पुरवणारी मोठी व्यवस्था बाहेर उभी होती. ही वसाहत मुख्यतः खुफूचा मुलगा खाफ्रे आणि नातू मेंकौरे यांच्या काळातली आहे. खुफूच्या पिरॅमिडबद्दल बोलताना तिचा दाखला जपूनच द्यावा लागतो आणि चांगला व्याख्याता ते आवर्जून सांगतो. तरीही चाबकाचे फटके खात उपाशीपोटी दगड ओढणारे गुलाम, हे सिनेमाने रुजवलेले चित्र या हाडांपुढे टिकत नाही.

चौथा साक्षीदार आकाशातून येतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. ते आपल्या अंगातूनही सतत आरपार जात असतात. दाट दगडात त्यातले बरेच अडतात. वाटेत पोकळी असेल तर जास्त कण पार होतात. पिरॅमिडच्या आत आणि बाहेर संवेदक ठेवून महिनोन्महिने असे कण मोजले, की एक्स-रेसारखी प्रतिमा तयार होते. २०१७ साली ‘स्कॅन पिरॅमिड्स’ या प्रकल्पाने खुफूच्या पिरॅमिडमध्ये, मोठ्या दालनमार्गाच्या वर, किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचे जाहीर केले. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संवेदकांनी ती दाखवली, म्हणून शास्त्रज्ञांनी ती मान्य केली. २०२३ मध्ये उत्तरेकडच्या बाजूस सुमारे ९ मीटर लांबीच्या एका बोळकांडीचा तपशील प्रसिद्ध झाला. तिथे तर दगडांच्या सांध्यातून बारीक कॅमेरा आत सरकवून ती डोळ्यांनीही पाहिली गेली. मोठी पोकळी कशासाठी ठेवली, यावर मात्र अजून एकमत नाही.

चारही साक्षी ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. यातला कुणीही सगळे सांगत नाही. दगड वर कसे चढवले, याबद्दल मेरेरच्या उपलब्ध तुकड्यांत चकार शब्द नाही. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत संशोधकांना हे हमखास विचारले जाते आणि ते उतारांचे पुरावे सांगून पुढच्या शंकाही मोकळेपणाने मांडतात. ज्या पडद्यावर हे व्याख्यान दिसते, त्याच पडद्यावर पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधल्याचे ठासून सांगणारे व्हिडिओही दिसतात. त्यांत शंकेला जागा नसते आणि साक्षीदारही नसतो. हा फरक एकदा कानाला कळला की माणूस सहजासहजी फसत नाही.

हे ज्ञान सर्वांना खुले असणे किती मोलाचे आहे, ते शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला की कळते. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर यांना तुतानखामुनची कबर सापडली. पुढच्या जानेवारीत या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन यांनी त्या बातमीचे खास हक्क लंडनच्या ‘द टाइम्स’ला विकले. इजिप्तच्या मातीतली बातमी इजिप्तच्याच वृत्तपत्रांना लंडनहून घ्यायची वेळ आली आणि तिथे मोठा संताप उसळला. आज ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने त्याच उत्खननातली कार्टर यांची टिपणे, रेखाटने आणि हॅरी बर्टन यांची छायाचित्रे इंटरनेटवर कुणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत.

या व्याख्यानांत राजांइतकीच साधी माणसेही भेटतात. राजांच्या दरीतल्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देइर अल-मदिना या गावात राहत. ब्रिटिश म्युझियममध्ये तिथला एक चुनखडकाचा तुकडा आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षातले ते हजेरीपत्रक आहे. कारागिराचे नाव, गैरहजेरीचा दिवस आणि वर लाल शाईत कारण: आजारी, विंचू चावला, डोळे आले, बीअर गाळत होता, घरच्या मृताचे अंत्यविधी करत होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे एक अख्खे गाव त्या दगडावर आहे.

मराठी वाचकाने खास ऐकावीत अशी व्याख्याने बेरेनिके या बंदराबद्दलची आहेत. तांबड्या समुद्रावरचे हे बंदर दुसऱ्या टॉलेमीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वसवले आणि रोमन काळात भारताशी व्यापाराचे ते मोठे केंद्र बनले. तिथे सेरापिसच्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. भारतातून गेलेले सागवानी लाकूड सापडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या इसिस मंदिरातून निघालेल्या बुद्धमूर्तीची घोषणा झाली, तेव्हा त्यासोबत सातवाहनांची दोन नाणीही नमूद होती. सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत. हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे आणि तो आपल्या शाळांतल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवा.

सुरुवात करायची तर हार्वर्डचे प्राध्यापक पीटर डेर मॅन्युएलियन यांचा गिझाच्या पिरॅमिडांवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड सिल्व्हरमन यांचा प्राचीन इजिप्तचा परिचयपर अभ्यासक्रमही तसाच. लंडनमधले संध्याकाळी सहाचे व्याख्यान आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होते. जागणे जमत नसेल तर बऱ्याच व्याख्यानांचे चित्रीकरण नंतर पाहता येते. इंग्रजी उच्चार अवघड वाटले तर खालच्या ओळी सुरू ठेवा. प्रत्येक विधानाला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न मनात विचारा आणि वक्त्याने त्याचे उत्तर दिले का ते पाहा. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी यातले एखादे व्याख्यान वर्गात दाखवावे, मध्ये थांबवून मराठीत समजावून सांगावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. त्यासाठी वेगळा खर्च नाही. फक्त एक तास काढायला हवा.