मुंबईतील तरुणांच्या पहिल्या घराचा प्रश्न

मुंबईतील तरुणांच्या पहिल्या घराचा प्रश्न हा मुंबई महानगर प्रदेशातील व्यापक गृहनिर्माण समस्येचा एक भाग आहे. नोकरी किंवा व्यवसायाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत असलेल्या आणि यापूर्वी नावावर कोणतीही सदनिका नसलेल्या व्यक्तींना केवळ स्वतःच्या कमाईवर घर विकत घेणे कठीण होते, असे त्याचे स्वरूप आहे. त्याविषयीची चर्चा बहुधा सदनिकांच्या किमती आणि गृहकर्जाचा मासिक हप्ता यांभोवती फिरते. परंतु पहिल्यांदा घर घेणाऱ्याची अडचण हप्त्याच्याही आधी, व्यवहाराच्या आरंभी स्वतःच्या खिशातून भराव्या लागणाऱ्या रकमेपाशी सुरू होते. ही रक्कम पगारातून साठण्यास अनेक वर्षे लागत असल्यामुळे आई-वडिलांच्या मालकीचे काही आहे की नाही, यावर पुढच्या पिढीचे घर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत आलेला कामगार वा कारकून घर विकत घेत नसे. तो चाळीत खोली भाड्याने घेई. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ही भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी राहत असलेल्या भाडेकरूंना त्यामुळे मोठे संरक्षण मिळाले. मात्र भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे हळूहळू तोट्याचे ठरले, जुन्या इमारतींची दुरुस्ती रखडली आणि भाडेहक्क 'पगडी' घेऊन हस्तांतरित करण्याची पद्धत रूढ झाली. पुढच्या पिढ्यांपुढे मालकीची सदनिका हाच मुख्य पर्याय उरला. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानंतर आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या प्रसारानंतर हा बदल पक्का झाला.

जमिनीचा पुरवठाही आक्रसलेला राहिला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन बाळगण्यावर निर्बंध आले. अतिरिक्त जमीन सरकारने घेऊन त्यावर गरिबांसाठी घरे बांधावीत, हा हेतू होता. प्रत्यक्षात बरीच जमीन खटल्यांत व सवलतींत अडकली. महाराष्ट्राने हा कायदा २००७ मध्ये रद्द केला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत चटईक्षेत्र निर्देशांक शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरवण्यात आला. तो ओलांडण्यासाठी निरनिराळ्या सवलती आणि अधिमूल्ये आली आणि त्यांचा खर्च अखेर सदनिकेच्या दरात मिसळला.

परवडणाऱ्या घरांसाठी मध्य मुंबईत जमीन मिळण्याची मोठी संधी १९८२ च्या गिरणी संपानंतर आली. बंद गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या मार्गावर होती. १९९१ च्या नियमावलीने तिचे महापालिका, म्हाडा आणि गिरणी मालक असे तीन भाग करण्याची तरतूद केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित केली आणि सार्वजनिक वाटा फार घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

आरंभीच्या रकमेची अडचण

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. घर जितके महाग, तितका स्वतःचा वाटा अधिक, असा याचा अर्थ होतो. शिवाय दहा लाखांवरील घराचे मूल्य धरताना बँकेला मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क त्यात मिळवता येत नाही.

एक कोटी रुपयांच्या सदनिकेचे उदाहरण घेतल्यास बँकेकडून जास्तीत जास्त ७५ लाख रुपये मिळतात. उरलेले २५ लाख, सहा टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख आणि नोंदणीचे ३० हजार खरेदीदाराने आणायचे असतात. इमारत बांधकामाधीन असल्यास पाच टक्के वस्तू व सेवा कराचे ५ लाख वाढतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरास हा कर नाही. अशा प्रकारे सुमारे ३६ लाख रुपये आरंभी किंवा बांधकामाच्या टप्प्यांनुसार उभे करावे लागतात. दरमहा २५ हजार रुपये शिल्लक टाकणाऱ्या व्यक्तीला, व्याज वगळता, त्यासाठी बारा वर्षे लागतील. त्या बारा वर्षांत घराची किंमत मात्र एक कोटीवर थांबून राहत नाही. २०२१ पासून केवळ महिलांच्या नावे होणाऱ्या खरेदीस महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती उपयुक्त असली तरी मूळ रकमेच्या मानाने लहान आहे.

ही दरी सामान्यतः कुटुंबाकडून भरली जाते. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने, गावाकडील जमिनीची विक्री किंवा जुन्या घराचा पुनर्विकास हे तिचे नेहमीचे स्रोत आहेत. त्यामुळे समान पगार असलेल्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाचे घर तिशीत होते आणि दुसऱ्याचे चाळिशी उलटली तरी होत नाही.

हप्ता भरण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. ७५ लाख रुपयांच्या वीस वर्षांच्या कर्जावर ८.५ टक्के व्याजदराने मासिक हप्ता सुमारे ६५ हजार रुपये होतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता वाढण्याऐवजी कर्जाची मुदत वाढली आणि काहींची परतफेड निवृत्तीच्या वयाजवळ जाऊन पोहोचली.

भाड्याचा पर्याय

मुंबईत वार्षिक भाडे घराच्या किमतीच्या साधारणतः २ ते ४ टक्के असते. एक कोटीच्या घराचे २५ हजार रुपये भाडे आणि त्याच घराचा ६५ हजारांचा हप्ता यांची तुलना केल्यास भाड्याने राहणे किफायतशीर वाटते. तरीही तरुण कुटुंबे मालकीकडे वळतात, याचे कारण भाड्याच्या अस्थिरतेत आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचे करार बहुधा अकरा महिन्यांचे ते तीन वर्षांचे असतात. मुदत संपली की नवी अनामत, दलाली, सामानाची हलवाहलव आणि मुलांची शाळा हे सारे पुन्हा उभे राहते. अविवाहितांना घर देण्यास अनेक घरमालक आणि गृहनिर्माण संस्था नाखूश असतात. विवाह जुळवताना वराचे स्वतःचे घर आहे का, ही विचारणा मराठी मध्यमवर्गात इतकी सवयीची झाली आहे की भाड्याचे घर तात्पुरतेच समजले जाते.

दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली होती. भाडेकरू घर सोडणार नाही ही धास्ती आणि भाड्याचे अल्प उत्पन्न यांमुळे मालक घर बंद ठेवणे पसंत करतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

म्हाडाची सोडत आणि शासकीय योजना

१९७७ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, आपली घरे उत्पन्न गटांनुसार संगणकीय सोडतीने वितरित करते. अर्जदार वा त्याच्या जोडीदाराच्या नावे त्याच शहरात घर नसावे, ही अट असल्याने ही सोडत पहिल्या घराच्या शोधातील तरुणांसाठी महत्त्वाची ठरते. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी सुमारे १ लाख २० हजार अर्ज आले, म्हणजे एका घरामागे सरासरी तीस. त्याच सोडतीत ताडदेव येथील सुमारे साडेसात कोटी रुपयांच्या सदनिकाही होत्या. सार्वजनिक गृहनिर्माण कोणासाठी, हा प्रश्न त्यामुळे वृत्तपत्रांतून विचारला गेला. अल्प उत्पन्न गटातील विजेत्यांपुढे वेगळी अडचण असते. उत्पन्न कमी म्हणून ते पात्र ठरतात आणि त्याच कारणाने बँक त्यांना पुरेसे कर्ज नाकारते, तेव्हा लागलेले घर परत करण्याची वेळ येते.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत व्याज अनुदानाची सोय होती, आणि कमावत्या प्रौढ व्यक्तीला, ती अविवाहित असली तरी, स्वतंत्र कुटुंब मानण्यात आले. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानासाठी घराच्या किमतीची मर्यादा ३५ लाख रुपये आहे. बृहन्मुंबईच्या हद्दीत या किमतीचे घर क्वचितच मिळत असल्याने योजनेचा लाभ मुख्यतः महानगराच्या कडेला होतो.

झोपडपट्टी पुनर्वसन आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास या शहरातील सर्वांत मोठ्या गृहनिर्माण प्रक्रिया आहेत. त्यांतून घर मिळते ते ठरावीक तारखेपूर्वीपासून तेथे राहणाऱ्यांना. नव्याने आलेल्या किंवा नव्याने कमावू लागलेल्या व्यक्तीचा त्यांत वाटा नाही.

उपनगरांपलीकडे

परिणामी पहिले घर वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल आणि कर्जतच्या दिशेने सरकत गेले आहे. विरार चर्चगेटपासून लोकलने ६० किलोमीटर दूर आहे. घराच्या किमतीत वाचलेले पैसे रोजच्या प्रवासाच्या तासांत मोजले जातात.

या पट्ट्यात फसवणुकीचा धोकाही अधिक असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये १ मे २०१७ पासून कार्यरत झालेल्या महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. तरीही कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे ही नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे निर्देश दिले, तेव्हा अनेक रहिवासी त्याच घरांच्या कर्जाचे हप्ते भरत होते.

चित्रपटांतील चित्रण

राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या मराठी चित्रपटात चाळीतील एकत्र कुटुंबात नवविवाहितांना एकांत न मिळण्याचे चित्रण आहे. 'पिया का घर' (१९७२) हे त्याचे हिंदी रूपांतर होय. 'घरौंदा' (१९७७) मध्ये अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांनी सदनिकेसाठी पैसे साठवणाऱ्या आणि बिल्डरकडून फसवल्या जाणाऱ्या जोडप्याच्या भूमिका केल्या आहेत. २०१८ च्या 'लव्ह पर स्क्वेअर फूट'मध्ये दोन तरुण नोकरदार केवळ संयुक्त अर्ज करता यावा म्हणून विवाहाचा विचार करतात.