‘सी.ए.’ आला का?

भाताच्या आवणीचे दिवस आहेत असं समजू. राजूरच्या वरच्या अंगाला, भंडारदऱ्याकडच्या एखाद्या वाडीत दिवसभर चिखलात वाकून दमलेला माणूस रात्री जमिनीवरच पथारी टाकून आडवा होतो. पहाटे पोटात कळ उठते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलेलं असतं. अंगावर जखम नाही, सूज नाही. कुणी म्हणतं, पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. कुणी कोपऱ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटलीकडे बघून गप्प राहतं. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं आणि डॉक्टर कागदावर लिहितात: व्हिसेरा राखून ठेवला, अभिप्राय अहवालानंतर. तिथून पुढे घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न उरतो, ‘सी.ए. आला का?’

सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, सरकारी रासायनिक विश्लेषक. हे पद ब्रिटिश काळातलं. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रासला निघाली, मुंबईची १८७० मध्ये. पुढे १९५८ मध्ये न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आली, तिचं मुख्यालय आज मुंबईत कलिन्याला आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड अशा शहरांत तिच्या शाखा आहेत. नाव बदललं, यंत्रं बदलली, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात अहवालाला अजूनही ‘सी.ए. रिपोर्ट’च म्हणतात.

राजूरला सर्वांत जवळची शाखा नाशिकची, घोटीमार्गे शंभर किलोमीटरच्या आत. अंतर फार नाही. पण व्हिसेरा म्हणून बरणीत काय भरलं आणि अहवालातून काय कळलं, यांच्यामध्ये बरंच काही घडतं.

बरणीत काय असतं?

जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, मूत्रपिंड, रक्त. अवयव बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मेलिन चालत नाही, कारण त्यानं ऊती कडक होतात आणि त्यातून विष वेगळं काढणं अवघड होतं. बरणी काठोकाठ भरायची नसते. आत वायू तयार होतात, त्यांना जागा लागते. वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचाही नमुना वेगळा पाठवायचा, म्हणजे विष देहातलं की द्रावणातलं, ही शंका मिटते. मग लाखेचं सील आणि सीलचा ठसा वेगळ्या कागदावर. प्रयोगशाळेत दोन्ही ठसे जुळले तरच ‘सील शाबूत’ असा शेरा पडतो.

प्रयोगशाळेत अवयवांचा लगदा करून त्यातून वेगवेगळ्या द्रावकांनी रासायनिक घटक बाहेर ओढतात. पातळ थर चढवलेल्या काचेवर त्या अर्काचा ठिपका ठेवून द्रावक वर चढू देतात. प्रत्येक रसायन आपापल्या उंचीवर थांबतं. ही पहिली चाळणी. संशय आला तर वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन. त्यात रेणू फुटतो आणि त्याच्या तुकड्यांवरून त्याची ओळख पटते. कीटकनाशकं, अल्कोहोल, झोपेची औषधं या वाटेनं सापडतात.

सापाचं विष मात्र या वाटेनं येत नाही. ते मुख्यतः प्रथिनांचं मिश्रण आहे, आणि ही सगळी पद्धत लहान रेणूंसाठी बेतलेली आहे. त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारलेली वेगळी चाचणी लागते, आणि ती नेहमीच्या व्हिसेरा तपासणीचा भाग नसते. मण्यार चावली तर गोष्ट आणखी अवघड होते. ती रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दातांच्या खुणा जेमतेम दिसतात, सूज येत नाही आणि अनेकदा पहिली तक्रार पोटदुखीची असते. म्हणून न्यायवैद्यकाची पुस्तकं सांगतात की संशयित चाव्याच्या जागेची कातडी आणि तुलनेसाठी शरीराच्या दुसऱ्या बाजूची कातडी स्वतंत्र पाठवा. पण ती खूण दिसलीच नाही तर?

मग अहवाल येतो. त्यात ठरलेलं वाक्य असतं: सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत कोणतेही विष आढळून आले नाही. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं ते बिनचूक आहे. पण वाडीवर त्याचा अर्थ होतो, ‘साप चावलाच नाही.’ विम्याचा दावा तपासणाऱ्यालाही कधी कधी तसंच वाटतं. ‘शोधलं आणि नव्हतं’ आणि ‘शोधलंच नव्हतं’ या दोन फार वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळून जातात.

नियम कोण ठरवतं?

अहवालात काय लिहायचं, कशाला ‘जुळलं’ म्हणायचं, चूक कशी पकडायची, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. ते जगभर बहुतेक व्यावसायिकांच्या संघटनांनी ठरवलं, आणि तेही बहुधा नामुष्कीनंतर.

अमेरिकेत १९७०च्या दशकात दोनशेहून अधिक गुन्हे प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून त्यांची परीक्षा घेतली गेली. १९७८ मध्ये निकाल छापून आले तेव्हा काही चाचण्यांत निम्म्याहून अधिक प्रयोगशाळा नापास झाल्या होत्या. त्याच सुमारास प्रयोगशाळांच्या संचालकांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना बांधली होती. तिनं ही गोष्ट झाकली नाही, उलट बाहेरच्या तपासनिसांकडून मान्यता घेण्याची पद्धत सुरू केली. १९८२ मध्ये इलिनॉय राज्याच्या पोलीस प्रयोगशाळांना पहिली मान्यता मिळाली. तेवढ्यानं सगळं सुधारलं असं नाही. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं कडक अहवाल दिला: केस, दातांच्या खुणा अशा अनेक शाखांतले दावे पुराव्यापेक्षा मोठे आहेत, अहवालांची भाषा एकसारखी नाही, आणि प्रयोगशाळा पोलिसांच्या ताब्यातून बाहेर काढाव्यात.

आपल्याकडेही संघटना आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस १९६० मध्ये कोलकात्यात सुरू झाली, तर न्यायवैद्यक डॉक्टरांच्या अकादमीची नोंदणी १९७२ मध्ये पणजीत झाली. त्या परिषदा भरवतात, नियतकालिकं काढतात. एखाद्या जाणकारानं जिद्दीनं विषय धरला तर काय होतं, याचं उदाहरण मात्र सेवाग्रामचं आहे. तिथले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये बलात्कार पीडितांच्या वैद्यकीय तपासणीचा दर्जा किती दयनीय आहे, यावर सविस्तर अहवाल लिहिला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २०१४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि अपमानकारक ‘दोन बोटांची चाचणी’ नाकारली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला पुन्हा ठामपणे विरोध केला. धोरण बदलायला तपासणीच्या टेबलाजवळ उभा राहणारा माणूस लागतो, कारण कागदावरचा रकाना कुठे खोटा पडतो हे त्यालाच दिसतं.

कायदा पुढे, रस्ता मागे

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. हे कधीपासून सक्तीचं करायचं, ते ठरवायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या प्रयोगशाळांची पहिली वाहनंही निघाली.

राजूरच्या पावसात या तरतुदीची खरी परीक्षा होते. रक्ताचे डाग पडलेले ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे असतात. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला आषाढात सावली चिकार, वाळवणार कुठे? तज्ज्ञांची गाडी पोचण्याआधी तिथे पोचतो तो ठाण्यातला हवालदार. साखळीतली पहिली कडी तोच. म्हणून कोरडी खोली, कागदी पाकिटं आणि दर वर्षी दोन दिवसांचं प्रशिक्षण, हीसुद्धा धोरणाचीच बाब आहे.

शिवाय सुरुवातीच्या त्या वाडीवरच्या मृत्यूत गुन्हाच नोंदलेला नाही. त्याची चौकशी चालते याच संहितेच्या कलम १९४ खाली, तिथे तज्ज्ञ येण्याची सक्ती नाही. आणि कलम ३२९ मुळे सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, तो स्वतः साक्षीला न येताही, पुरावा म्हणून वाचता येतो. म्हणजे कोर्टात बहुधा कागद एकटाच बोलतो. त्याला उलट प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं, तेव्हा उत्तर आधीच त्यात लिहिलेलं हवं.

प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकात निष्कर्ष स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावा ही अपेक्षा आहेच. आपल्या संघटनांनी एकत्र बसून ‘विष आढळले नाही’ या वाक्याखाली आणखी दोन ओळी ठरवाव्यात: कोणकोणत्या गटांची विषं शोधली, आणि सर्पविष या तपासणीत शोधलं जात नाही. नवं यंत्र नको, नवी इमारत नको.

आज सी.ए. आल्यावर वाडीवरचा माणूस तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जातो आणि विचारतो, ‘साहेब, मग नेमकं काय झालं होतं?’ त्या दोन ओळी असतील तर डॉक्टरांना निदान एवढं तरी कागदावर बोट ठेवून सांगता येईल की, ‘फवारणीचं औषध शोधलं, ते सापडलं नाही. सापाचं मात्र या कागदावरून नाही म्हणता येत नाही.’