फसफस स्वस्त, पाणी महाग

बारामती किंवा इंदापूरच्या एसटी स्टँडाबाहेरच्या फ्रिजमध्ये दोन बाटल्या गेली काही वर्षं शेजारी शेजारी उभ्या असायच्या. एक लिटर साधं पाणी, वीस रुपये. पाऊण लिटर सोडा, वीस रुपये. वायू भरायचा, तो दाबात टिकवायचा आणि त्यासाठी बाटली जाड करायची, या सगळ्याचा मोबदला फक्त पाव लिटर पाणी. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला हा हिशेब सांगितला असता तर त्याने आपल्याकडे संशयानेच पाहिलं असतं. तेव्हा सोडा विकत मिळे आणि पाणी मागितलं की तांब्या पुढे येई.

सोड्याची मिजास होती ती बाटलीची. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ साली गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूनेच काचेची गोटी वर ढकलून तोंड बंद करायचं, ही युक्ती आपल्याकडच्या जत्रांना आणि आठवडे बाजारांना इतकी मानवली की तिचा मूळ देश तिला विसरला तरी आपण विसरलो नाही. मुंबईत पालनजी (१८६५) आणि ड्यूक्स (१८८९), पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर (१८८४), अशा पारशी-इराणी घराण्यांनी हा धंदा रुजवला. गिऱ्हाईक पैसे द्यायचं ते पाण्याचे नव्हेत, वायूचेही फारसे नव्हेत. काच, बर्फ आणि वाहतूक यांचा तो खर्च होता. म्हणून तर हातगाडीसमोरच उभं राहून सोडा संपवायचा आणि बाटली परत करायची. पटकीच्या साथींच्या काळात गोऱ्या साहेबांचा सोड्यावर जीव होता, आणि तो निव्वळ शौक नव्हता. वायू विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं आणि पुष्कळशा जंतूंना ते सोसत नाही. आपल्याकडे मात्र सोडा पोटासाठीच राहिला: जेवण जड झालं, पित्त चढलं, की खारा सोडा आणि एक सणसणीत ढेकर.

ही झाली सोड्याची गोष्ट. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाण्याची खरी गोष्ट सुरू झाली ती १८८५ साली, नीरा डावा कालवा वाहू लागला तेव्हा. दुष्काळी पट्ट्यात बागायत आली, मागून ऊस आला. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने. पण कालव्याने पाण्याबरोबर दुखणंही आणलं. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरलं, क्षार वर आले, रानं चोपण झाली आणि विहिरी मचूळ. कालव्याबाहेरच्या जिरायत गावांचं दुखणं उलटं: विहिरीला पाणीच नाही, टँकरची वाट पाहायची. इंदापूरच्या उत्तरेला १९८०च्या सुमारास उजनीचा फुगवटा पसरला. भिगवणला मासळी आली, रोहित पक्षी आले, आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणीही भीमेतून तिथेच येऊन थांबलं. डोळ्यांसमोर समुद्राएवढं पाणी आणि प्यायला बाटली, ही काठावरच्या माणसाची स्थिती माझ्या मते कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी जाहिरात ठरली.

बाटलीबंद पाण्याचा प्रवासही सोड्याच्याच वाटेवरून झाला, हे फार थोड्यांना आठवतं. १९६५ साली ठाण्यात बिसलेरीचा कारखाना सुरू झाला. काचेच्या बाटल्यांतून दोन प्रकार विकले जात, एक साधं आणि एक बुडबुड्यांचं. गिऱ्हाईक मुंबईची मोठी हॉटेलं. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबाने ती कंपनी चार लाख रुपयांना घेतली ती मुख्यतः सोड्यासाठी, कारण त्यांच्या पेयांत सोड्याचीच उणीव होती. १९९३ साली त्यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले, बिसलेरी मागे ठेवली, आणि साम्राज्य उभं राहिलं ते बिनबुडबुड्यांच्या पाण्यावर. प्लास्टिकची बाटली आली होती. ती परत करायची नव्हती, एसटीत बरोबर नेता येत होती. गोटी सोड्याला हे कधीच जमलं नसतं.

विश्वास मात्र एका बाटलीत पुरा मावला नाही. २००१ मध्ये आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि २००३ मध्ये दिल्लीच्या सीएसई संस्थेने दिल्ली-मुंबईच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. आपण सर्रास ज्याला मिनरल वॉटर म्हणतो ते बहुतेक वेळा शुद्ध केलेलं साधं पाणी असतं. नैसर्गिक मिनरल वॉटरचं मानक वेगळं, झऱ्याचं पाणी जवळपास जसंच्या तसं झऱ्यापाशीच भरण्याचं. आरओने आधी जवळजवळ सगळे क्षार काढायचे आणि चवीपुरते थोडे परत घालायचे, हा उद्योग मला अजून गमतीचा वाटतो.

आणि बुडबुडे? त्यांचं मूळ तर आपल्या शिवारात आहे. उसाच्या मळीतली साखर आंबते तेव्हा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ सारख्या वजनाने तयार होतात. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो वायू. लिटरभर पाण्याला चांगलं फसफसवायला सहा-सात ग्रॅम पुरतात, म्हणजे एका लिटर इथेनॉलमागच्या वायूत शंभरेक लिटर सोडा होईल. अनेक डिस्टिलऱ्या हा वायू साफ करून विकतात, बाकीच्या हवेत सोडून देतात. याउलट फ्रान्सच्या पेरियर या बाटलीबंद पाण्याने बुडबुड्यांचं केवढं स्तोम माजवलं होतं! १९९० मध्ये बाटल्यांत बेंझीन सापडलं, सोळा कोटी बाटल्या मागे घ्याव्या लागल्या, आणि त्या गदारोळात जगाला कळलं की झऱ्याचं पाणी आणि झऱ्याचा वायू वेगवेगळे काढून नंतर एकत्र करतात. तीच पेरियर आज पुण्यात ३३० मिलीला शंभराच्या आसपास जाते. त्यात पाणी किती, जहाजभाडं किती आणि हिरव्या बाटलीचा दिमाख किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

किंमत जागेचीही असते. हॉटेलात बसून पिताना पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम आकारता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. दुसऱ्या टोकाला आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते तेव्हा हीच बाटली रस्त्यावर फुकट वाटली जाते. पूर्वी तिथे पाणपोईचे रांजण असत. पुण्य तेवढंच लागत असेल, रिकामं प्लास्टिक मात्र पालखीमागे गावाला उचलावं लागतं.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. साधं पाणी आणि साखर-चव नसलेला सोडा १८ टक्क्यांवरून ५वर आले, रेल नीरची लिटरची बाटली पंधराची चौदा झाली. साखर घातलेल्या गॅसच्या पेयांवर मात्र एकूण ४० टक्क्यांचा भार तसाच राहिला. उसाच्या मुलखातला वायू बिनसाखरेच्या बाटलीत गेला तर पाच, साखरेसोबत गेला तर चाळीस. गावातला थंड पाण्याचा जार या हिशेबात नाहीच. वीस लिटर, सील नाही, छापील किंमत नाही. ग्रामपंचायतीच्या आरओवर पाच-दहा रुपयांत मिळणारं तेवढंच पाणी जारमध्ये तीस-चाळीसला घरपोच येतं, आणि लग्नाची दाट तिथी असली की जारवाला फोनवर सांगेल तो भाव.