प्रौढ स्थलांतरितांचे इंग्रजी शिक्षण आणि स्वयंसेवक शिक्षक

अमेरिकेत पाच वर्षांवरील अडीच कोटींहून अधिक लोक आपल्याला इंग्रजी 'अतिशय चांगले' बोलता येत नाही, असे तेथील जनगणना खात्याला सांगतात. त्यांतील बहुसंख्य लोक परदेशातून येऊन तेथे स्थायिक झालेले आहेत. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्षीय आदेशाने इंग्रजीला राष्ट्रीय पातळीवर प्रथमच अधिकृत भाषेचा दर्जा देण्यात आला. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळणे सुकर व्हावे यासाठी २००० साली काढलेला आदेशही त्याच वेळी रद्द झाला. नागरिकत्व हवे असेल तर इंग्रजी बोलणे, वाचणे आणि लिहिणे या तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे कायम रहिवासी असलेल्या, किंवा पंचावन्न वर्षे वय आणि पंधरा वर्षांचे वास्तव्य असलेल्या अर्जदारांना यातून सूट आहे.

या लोकांना इंग्रजी शिकविण्याचे काम सरकारी अनुदानावर चालणारे वर्ग करतातच. परंतु त्यातील मोठा वाटा विनावेतन शिकविणाऱ्या स्वयंसेवकांचा आहे. निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार असे हे लोक आठवड्यातून एकदा-दोनदा सार्वजनिक ग्रंथालयाच्या एखाद्या टेबलाशी बसून एका-दोघांना शिकवितात. ही व्यवस्था कशी उभी राहिली, ती कोठे यशस्वी होते आणि कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लानाओपासून सिराक्यूजपर्यंत

या चळवळीचा एक उगम फिलिपाइन्समधील मुस्लिम समाजात आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. फ्रँक लाऊबाक (१८८४–१९७०) हे अमेरिकन मिशनरी १९२९ च्या अखेरीस मिंदानाओ बेटावरील लानाओ प्रांतात राहावयास गेले. तेथील मरानाओ लोक मुस्लिम असून त्यांची भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जात असे. लाऊबाक यांनी त्यांच्या भाषेसाठी रोमन लिपीतील तक्ते तयार केले आणि पगारी शिक्षक नेमून साक्षरतेचे काम सुरू केले. पुढे जागतिक मंदीमुळे मिशनचा पैसा आटला व शिक्षकांचे पगार बंद होण्याची वेळ आली. तेव्हा काकाई डागालांगित नावाच्या स्थानिक सरदाराने हे काम थांबू देण्यास नकार दिला. जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकविलेच पाहिजे, न शिकविल्यास त्याची गाठ आपल्याशी आहे, अशी जिवाची धमकीच त्याने दिली, असे लाऊबाक यांनी नमूद केले आहे. 'प्रत्येकाने एकाला शिकवावे' ही घोषणा येथून लाऊबाक यांच्यामार्फत जगभर गेली. भारतातही ते अनेकदा आले. त्यांच्या कार्याशी संबंध आलेल्या वेल्दी फिशर यांनी १९५३ मध्ये अलाहाबाद येथे 'लिटरसी हाऊस' सुरू केले. पुढे ही संस्था लखनौला गेली.

१९५५ मध्ये लाऊबाक यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरात आपली संस्था स्थापन केली. त्याच शहरात रूथ कोल्विन या गृहिणीने १९६० च्या जनगणनेचे आकडे वाचले. आपल्याच शहरात हजारो प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी १९६२ मध्ये स्वयंसेवक शिक्षकांची संघटना उभी केली. दोन्ही संस्थांनी आधी निरक्षर अमेरिकनांसाठी आणि पुढे इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांसाठीही काम केले. २००२ मध्ये त्या एकत्र येऊन 'प्रोलिटरसी' ही संस्था झाली. कोल्विन यांचे २०२४ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी निधन झाले.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. लाऊबाक यांची मूळ पद्धत मातृभाषा वाचावयास शिकविण्याची होती. त्यांच्या इंग्रजी तक्त्यात पक्ष्याच्या चित्रातूनच 'बी' हे अक्षर आकार घेते, कारण पक्ष्याला इंग्रजीत 'बर्ड' म्हणतात. ज्याला हा शब्द ऐकून माहीत आहे त्याच्या मनात चित्र, ध्वनी आणि अक्षर एका क्षणात जुळतात. परंतु नुकत्याच आलेल्या अफगाण किंवा सोमाली स्त्रीला 'बर्ड' हा शब्दच माहीत नसतो; तिच्यासाठी तो तक्ता मुका राहतो. म्हणून स्थलांतरितांसाठी आधी ऐकणे व बोलणे, मग वाचणे व लिहिणे असा क्रम असलेली स्वतंत्र पुस्तके पुढे तयार करावी लागली. मातृभाषेतील साक्षरता आणि परभाषेचे शिक्षण ही दोन वेगळी कामे आहेत, हा या अनुभवाचा पहिला धडा होय.

शिकवणीचे स्वरूप

इच्छुक स्वयंसेवकाला आधी काही तासांचे प्रशिक्षण दिले जाते. विद्यार्थ्याची प्राथमिक चाचणी होते आणि वेळ, ठिकाण, गरज पाहून दोघांची जोडी लावली जाते. धड्यांचा विषय व्याकरणातून नव्हे, तर रोजच्या गरजेतून येतो : डॉक्टरला कोठे दुखते ते सांगणे, मुलाच्या शाळेतून आलेले पत्र समजणे, घरमालकाला नळ गळत असल्याचे फोनवर कळविणे, नोकरीचा अर्ज भरणे.

अशा शिकवणीत उपयोगी ठरलेली एक रीत म्हणजे शिकणाऱ्याच्या अनुभवावरून पाठ तयार करणे. विद्यार्थी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एखादी गोष्ट सांगतो. शिक्षक ती त्याच्याच शब्दांत लिहून घेतो आणि तोच मजकूर वाचनपाठ होतो. वाचताना अर्थ शोधावा लागत नाही, कारण अर्थ वाचणाऱ्याचाच असतो. सारे लक्ष अक्षर आणि ध्वनी यांच्या जुळणीकडे देता येते. चाळिशीतल्या माणसाच्या हाती मुलांची चित्रपुस्तके दिल्याने होणारा संकोचही यामुळे टळतो.

'निरक्षर' कोणास म्हणावे?

स्वयंसेवी शिकवणी फसते ती बहुधा सद्भाव कमी पडल्याने नव्हे. विद्यार्थ्याला काय येत नाही हे शिक्षक पाहतो. त्याला आधीच काय येते हे पाहण्याचे राहून जाते. चाचणीत इंग्रजी वाचता न आलेले तीन विद्यार्थी एकाच वर्गात बसविले जातात. त्यांपैकी एक कधीच शाळेत गेलेला नसतो. दुसरा मातृभाषेतील पाटी कशीबशी वाचतो. तिसरा अरबी किंवा दरी भाषेतील पदवीधर असतो. त्याला फक्त रोमन लिपी नवी असते. तिघांची गरज निरनिराळी असते.

या तिघांखेरीज एक चौथा प्रकार आहे आणि आपल्या वाचकांना तो विशेष परिचयाचा वाटेल. आपल्याकडे मकतबमध्ये मूल नूरानी कायदा गिरवून कुरआनचे नाझरा वाचन शिकते. अक्षर ओळखणे, जबर-जेर-पेश लावणे, ध्वनी जोडून शब्द उच्चारणे हे सारे त्याला येते. अर्थ मात्र बहुधा येत नाही. सोमालियात १९९१ नंतरच्या यादवीत ज्यांची शाळा सुटली अशा कित्येक स्त्रियांचे शिक्षण याच प्रकारचे आहे. शाळेची इयत्ता विचारली की त्या 'काही नाही' असे उत्तर देतात आणि कागदावर निरक्षर ठरतात. वास्तविक लिखित खुणेतून ध्वनी काढावयाचा असतो, हे वाचनाचे मूळ तत्त्व त्यांना लहानपणीच उमगलेले असते.

या बाबतीत सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांचे लायबेरियातील वाई लोकांवरील संशोधन (१९८१) मार्गदर्शक आहे. वाई समाजात शाळेतील इंग्रजी, कुरआनची अरबी आणि स्वतःची वाई लिपी अशा तीन साक्षरता शेजारी-शेजारी नांदत होत्या. प्रत्येकीतून वेगवेगळी कौशल्ये येतात, असे त्यांना आढळले. कुरआन शिकलेले लोक क्रमाने वाढत जाणारी यादी स्मरणात ठेवण्याच्या कसोटीत सरस ठरले. म्हणजे नाझरा शिक्षण हे शालेय साक्षरतेची जागा घेत नसले तरी ते शून्यही नाही. स्वयंसेवक शिक्षकाने पहिल्याच भेटीत 'किती शिकलात?' याऐवजी 'काय काय वाचता येते?' असे विचारले तर पुढचे कितीतरी धडे वाचतात.

लिपी आणि उच्चार

उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्यास दिशा बदलणे कठीण जाते, हे उघड आहे. पण अरबीतही अंक डावीकडून उजवीकडे वाचले जातात. तेथून सुरुवात केली तर दिशेचा बदल ओळखीचा वाटतो. त्याहून मोठी अडचण स्वरांची आहे. अरबी-उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, वाचक संदर्भावरून ते भरतो. त्या सवयीचा माणूस इंग्रजी शब्दातील व्यंजनांवर नजर टाकून पुढे जातो आणि 'बॅट', 'बेट', 'बिट' यांत गल्लत करतो. हा निष्काळजीपणा नसून एका लिपीतील कौशल्य दुसऱ्या लिपीत वापरण्याचा प्रयत्न आहे.

उच्चारांचेही तसेच. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पेपर'चा 'बेबर' होतो. शब्दारंभीचे जोडव्यंजन अनेक भाषांना चालत नाही. उर्दू बोलणारा 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतो आणि स्पॅनिशमध्ये शाळेला मुळातच 'एस्कुएला' म्हणतात. चूक कोठून येते हे शिक्षकास ठाऊक असेल तर तो हसत नाही, रागावतही नाही. तेवढाच सराव नेमका करून घेतो.

वर्गात केवळ इंग्रजीच बोलावी, हा आग्रहही तपासून पाहण्याजोगा आहे. एल्सा ऑअरबाक यांनी १९९३ मधील आपल्या निबंधात या आग्रहामागे शैक्षणिक पुराव्यापेक्षा विचारसरणी अधिक असल्याचे मांडले होते. अगदी नवशिक्या प्रौढाला मातृभाषेत प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली तर त्याचे वर्गात टिकणे सोपे होते.

विश्वास आणि मर्यादा

अमेरिकेत इंग्रजीचे अनेक मोफत वर्ग चर्चच्या इमारतीत भरतात. लाऊबाक स्वतः मिशनरी होते, हेही विसरता येत नाही. बहुतेक ठिकाणी हेतू निर्मळ असतो. तरीही भाषा देताना धर्म किंवा राजकीय मत देऊ नये, हा नियम शिकणाऱ्यास आधीच स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. गरजू माणसाला 'नाही' म्हणणे जड जाते, म्हणून संयमाची जबाबदारी देणाऱ्यावर असते. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका, मुलांना सांभाळण्याची सोय आणि नमाजाच्या वेळेचे भान या बाबी किरकोळ दिसतात. प्रत्यक्षात हजेरी त्यांवरच ठरते.

स्वयंसेवेची मर्यादाही मान्य करावयास हवी. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षभर खंड न पडता फार तर शंभर तास. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाचे तेवढेही भरत नाहीत. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या प्रौढास यातून नागरिकत्वाच्या परीक्षेपर्यंत पोहोचणे सोपे नाही. त्यामुळे स्वयंसेवक हा प्रशिक्षित, पगारी शिक्षकाचा जोडीदार होय, पर्याय नव्हे. जेथे महाविद्यालयातील नियमित वर्गाला स्वयंसेवकाची वैयक्तिक शिकवणी जोडलेली असते, तेथे वर्गात जे शिकले ते ग्रंथालयातील टेबलाशी बोलून पक्के करता येते.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक साक्षराने एकाला शिकवावे ही कल्पना पुन्हा मांडली आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेला 'उल्लास' हा पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीचा कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. गोवा, बेळगाव, हैदराबाद येथील महाविद्यालयांतून विद्यार्थी या कामास पाठविले जातील तेव्हा परप्रांतीय मजुरांपैकी कोणाची मातृभाषा वेगळी, कोणाची लिपी वेगळी, तर कोणाचे शिक्षण केवळ मकतबमधले असेल. अशा विद्यार्थ्यांना पाठविण्यापूर्वी अध्यापकांनी त्यांच्याकडून एक साधी नोंद करून घ्यावी : समोरचा माणूस कोणत्या भाषा बोलतो, कोणती लिपी वाचतो, काय पाठ म्हणतो, कोणता हिशेब तोंडी करतो. या नोंदीला पैसा लागत नाही. कोऱ्या पाटीवर लिहावयाचे आहे असे समजून सुरू केलेली शिकवणी आणि समोरच्याच्या ज्ञानात भर घालणारी शिकवणी यांतील फरक मात्र तिनेच पडतो. लानाओच्या सरदाराने शिकलेल्यावर शिकविण्याचे बंधन घातले होते. शिकविणाऱ्याने आधी समोरच्याला नीट जाणून घ्यावे, हे बंधन अध्यापकांनी त्यास जोडावयाचे आहे.