सहलीत पोरं ओकू लागली तर…



गळीत हंगाम आणि शाळांच्या सहली एकाच वेळी येतात. आपण ऊसतोडीच्या मागे, पोरं एस.टी.नं कोकणात. वेंगुर्ले तालुक्यातलं रेडी त्यांच्या आवडीचं. १९७६ साली खाणीत सापडलेला गणपती, यशवंतगड आणि समुद्र, सगळं एकाच गावात.

समजा, अशा सहलीत ५० जण आहेत. दुपारी एकला रेडीत जेवण झालं आणि चारच्या सुमारास एकामागून एक २० जण ओकू लागले. घाटावरच्या माणसाचं बोट आधी मासळीकडे जातं. खानावळवाल्यानं शिळं घातलं अशी बोंब उठते, त्याच्या दारात माणसं जमतात.

रोगाचा तपास करणारा अशी घाई करत नाही. तो हजेरीपट घेऊन प्रत्येकाला विचारतो : काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, त्रास किती वाजता सुरू झाला? आणि जे ठणठणीत आहेत त्यांनाही तो हेच विचारतो. खरी मेख इथेच आहे.

आपल्या उदाहरणात मासे खाणारे २०, त्यांतले ८ आजारी. न खाणारे ३०, त्यांतले १२ आजारी. दोन्हीकडे शेकडा ४०. मासळी सुटली! पण गावाहून नेलेला फोडणीचा भात २५ जणांनी खाल्ला, त्यांतले १८ आजारी. न खाणाऱ्या २५ पैकी फक्त २. म्हणजे चोर घरचाच. (ते दोघे? मित्राच्या डब्यातला घास कोणी लक्षात ठेवत नाही.)

वेळही साक्ष देते. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा जंतूंनी अन्नात आधीच विष तयार केलेलं असतं. रात्री शिजवून पातेल्यात तसाच झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू हेच करतो. भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. साल्मोनेला जंतू असता तर बहुधा १२ ते ३६ तास लागले असते. मग आदल्या दिवशीचं जेवण तपासावं लागलं असतं.

हा हिशेब संशय दाखवतो, पक्का पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. म्हणून भीतीपोटी पातेली घासून टाकू नयेत. उरलेलं अन्न झाकून बर्फात ठेवावं आणि जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावं.

तोवर पोराच्या अंगातलं पाणी टिकवायचं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर (आपलीच की!) आणि अर्धा चमचा मीठ. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं पाजावं. ग्लानी आली, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.