साहेबांचा नंबर, टेबलाचा पत्ता

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं सहावं कलम सगळ्यांना ठाऊक असतं, कारण अर्ज त्याखाली करायचा असतो. चौथ्या कलमाकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. प्रत्येक सरकारी कार्यालयाने कुणी न मागता जाहीर करायच्या सतरा बाबी तिथे दिल्या आहेत. त्यांतली नववी म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी, दहावी त्यांचा पगार आणि सोळावी जन माहिती अधिकाऱ्याचं नाव व पदनाम. कायदा संमत झाल्यापासून १२० दिवसांत हे सगळं प्रसिद्ध करायचं होतं आणि पुढे दरवर्षी अद्ययावत ठेवायचं होतं. म्हणजे कार्यालयाचा फोन नंबर सांगणं ही साहेबांची मेहेरबानी नव्हे.

यादी बहुतेक ठिकाणी असते. संकेतस्थळावर असते, दाराशेजारच्या फलकावरही असते. नसते ती तिच्यावरची तारीख. महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. मुदतीआधीच्या बदल्या बाजूला ठेवल्या, तरी व्यक्तीचं नाव आणि तिचा मोबाइल नंबर यांवर उभी केलेली यादी दर उन्हाळ्यात थोडी थोडी खोटी होत जाते. फोन लागतो, माणूसही भेटतो, पण तो म्हणतो, ‘ते टेबल आता माझ्याकडे नाही.’ त्याचं खरंच असतं. खरं तर यादी टेबलाची हवी, माणसाची नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांच्या ई-मेलचं तसं झालं आहे. पत्त्यात पदाचं आणि जिल्ह्याचं नाव असतं, माणूस बदलला तरी पत्ता तोच. तालुक्याच्या पातळीवर ही शिस्त झिरपलेली फारशी दिसत नाही.

पत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं मंत्रालय. पण राज्याचा कारभार एका इमारतीत मावत नाही. साखर आयुक्त पुण्याच्या साखर संकुलात बसतात. जमिनीच्या मोजणीचे आणि अभिलेखांचे वरिष्ठ, म्हणजे जमाबंदी आयुक्त, तेही पुण्यात. दस्त नोंदणीचे महानिरीक्षकही पुण्यातच. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, तर वनखात्याचं मुख्यालय नागपूरला. मंत्रालयात धोरण ठरतं, अंमलबजावणी या आयुक्तालयांतून होते. सातबाऱ्यातल्या चुकीसाठी थेट मुंबई गाठणाऱ्याला परत तहसील कार्यालयाचीच वाट दाखवली जाते. मुंबईतही सगळं मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या शासन निर्णयांवर पत्ता दिसतो तो गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलातला. मंत्रालयाच्या दारात प्रवेशपत्रासाठी रांग लावण्याआधी हे कळलं, तर अर्धा दिवस वाचतो.

नेमकं टेबल शोधायचं, तर टेलिफोन यादीपेक्षा शासन निर्णय जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या विषयावरचा सर्वांत ताजा निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर काढावा. वर विभागाचं नाव आणि पत्ता असतो. त्याखालच्या क्रमांकात प्रकरण क्रमांकानंतर कार्यासनाचा संकेत असतो, आणि शेवटी सही करणाऱ्याचं नाव व पद, बहुधा कक्ष अधिकारी, अवर सचिव किंवा उप सचिव. संगणक सांकेतांक अठरा अंकी असतो, त्याच्या पहिल्या आठ अंकांत तारीख दडलेली असते. सही करणारे उद्या बदलतील, कार्यासन सहसा तिथेच राहतं. पत्रावर ‘कार्यासन अमुक’ असं लिहिलं, की बारनिशीत पडलेला कागद कुठे पाठवायचा याचा घोळ उरत नाही. पोच मात्र घ्यावीच, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. तो क्रमांक नसेल तर पुढे फोनवर काय विचारणार?

इतकी खटपट नागरिकाने का करावी, हा प्रश्न उरतोच. साध्या अर्जाला ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. माहितीच्या अधिकारात तसं चालत नाही. कलम ६(३) सांगतं की अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर त्यानेच तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवावा आणि अर्जदाराला तसं कळवावं. योग्य दार शोधण्याचं ओझं कायद्याने इथे कार्यालयाच्या डोक्यावर ठेवलं आहे. हाच नियम रेशनकार्डाच्या, पेन्शनच्या, मोजणीच्या साध्या अर्जाला का लागू नसावा? कुठला कागद कुठल्या टेबलाचा, हे आत बसलेल्यांना बाहेरच्यापेक्षा नेहमीच जास्त ठाऊक असतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने निदान अधिसूचित सेवांपुरतं पदनिर्देशित अधिकारी आणि दोन्ही अपील अधिकारी कोण, हे फलकावर लिहिणं बंधनकारक केलं. तो फलक वाचण्यासारखा असतो, कारण काम अडलं तर पुढचा पत्ता तिथेच मिळतो.

यादी खरी आहे का, हे तपासायला अर्जही करावा लागत नाही. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय राज्याने २०१८ मध्ये काढला आहे. एखाद्या सोमवारी जा, ‘एक ते सतरा मुद्द्यांची फाईल’ मागा आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली ते पाहा. जुनी असेल, तर दोन ओळींचा अर्ज तिथेच द्या आणि त्याची पोच घेऊनच बाहेर पडा.