भिंतीला धक्का देऊन पाहावा

देवणी म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी आठवतो तो इथला बैल. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी जोडी घेणारा शेतकरी किती चौकस असतो! तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास जुंपूनही पाहतो. मगच रुमालाखाली बोटे जातात. हाच माणूस घर बांधतो तेव्हा मात्र भिंतीला काही विचारत नाही. भिंत जाड आहे ना, मग झाले! जाड ती पक्की, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनी, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात तो हिशेब चुकला आणि जवळपास आठ हजार माणसे गेली.

बैल जुंपून पाहता येतो, तशी वस्तू धक्का देऊन पाहता येते. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मुले चौघा-पाचांचा गट करून जे प्रकल्प घेतात, त्यांत एक असतो धक्का-चाचणी यंत्राचा. नाव ऐकून वाटते, त्यात काय, उंचावरून वस्तू टाकली की झाला धक्का. पण कामाला लागल्यावर मुलांच्या लक्षात येते, की धक्का देणे सोपे. तोच धक्का पुन्हा देणे अवघड.

घरातलेच उदाहरण घ्या. स्टीलचा पेला हातातून गादीवर पडला तर आवाजही होत नाही. तोच शहाबादी फरशीवर पडला तर पोचा येतो. उंची तीच, पेला तोच. एक मीटरवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीशी पोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग दहा सेंटिमीटरात जिरला तर वस्तूला तिच्या वजनाच्या सरासरी दहापट मार बसतो. एका सेंटिमीटरात जिरला तर शंभरपट, आणि तोही एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून कमी वेळात. म्हणजे किती उंचावरून पडला यापेक्षा किती जागेत थांबला, यावर सारे अवलंबून. म्हणून मुलांचा निम्मा जीव अडकतो तो खालच्या रबरात.

यंत्र दिसायला साधे. दोन उभे दांडे, त्यांवरून घसरणारे जड मेज, ते उचलायला चेन-पुली, सोडायला कळ. मेजावर तपासायची वस्तू घट्ट आवळायची आणि धक्का मोजणारा प्रवेगमापक बसवायचा. विजेच्या उपकरणांसाठी ठरलेली एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे : गुरुत्वाच्या पन्नासपट, ११ सहस्रांश सेकंद, सहा दिशांनी प्रत्येकी तीन, असे अठरा धक्के. गणिताने त्याला फार तर साठ सेंटिमीटर उंची पुरते. पण दांडे समांतर नसले तर मेज अडकते. मेज पातळ असले तर थाळीसारखे वाजत राहते आणि मापकाच्या आलेखात त्याचाच थरथराट उमटतो. पडलेले मेज उसळून दुसऱ्यांदा आदळते. त्याला ब्रेक हवा. रबर मार खाऊन कडक होते आणि विसावा धक्का पहिल्यासारखा राहत नाही. परीक्षकांपुढे हे सारे नीट चालले तर नशीब!

या विद्येला युद्धाने वेग दिला. २१ नोव्हेंबर १९३९ रोजी ‘बेलफास्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेखाली चुंबकीय सुरुंग फुटला. कवचाला मोठे भगदाड पडले नाही, पण आतली यंत्रे नुसत्या हादऱ्याने मोडली. मग लंबकासारखा भला मोठा हातोडा सोडून उपकरणांवर घाव घालणारी यंत्रे नौदलांनी उभारली.

घराला असा घाव घालून पाहण्याचे काम आपल्याच देशात झाले आहे. रूडकीला भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण १९६० पासून आहे. तिथे १९७०च्या दशकात रेल्वेच्या रुळांवर एक सोय उभी राहिली. मधल्या वाघिणीवर घराचा नमुना बांधायचा, आणि वजन भरलेली दुसरी वाघीण तिच्यावर आदळवायची. डॉ. आनंदस्वरूप आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धक्क्यांनी दगडविटांच्या घरांचे गुण-दोष पाहिले. दारा-खिडक्यांच्या वरून भिंतीभोवती फिरवलेला काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांतल्या उभ्या सळया घराला किती धरून ठेवतात, ते त्यात दिसले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. एस. जगदीश यांच्या गटाने तर सरकत्या मेजाला लंबकाने ठोकले. भिंतीच्या दोन्ही अंगांना उभ्या सळया लावून त्या आरपार बांधल्या, तर विटांचे घर तडकते पण कोसळत नाही, असे त्यांना आढळले. भूकंप म्हणजे एकच धक्का नव्हे, तो घराला मागेपुढे हलवीत राहतो, हे खरे. पण संगणकाने हलणारे महागडे मेज परवडत नसेल तिथे ठोकणाऱ्या मेजाने पुष्कळ काही कळते.

किल्लारीच्या भिंतींनी काय सांगितले? त्या दोन-अडीच फूट जाड, काही त्याहूनही जास्त. पण एक भिंत म्हणजे खरे तर पाठीला पाठ लावून उभ्या दोन भिंती, मध्ये चिखल आणि कपच्या. दोघींना बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्यासरशी त्या फुगून एकमेकींपासून सुटल्या, आणि वर माळवदाचे फूट-दोन फूट मातीचे ओझे. उपाय महाग नव्हता. १९९४ मध्ये मराठवाड्यातल्या दगडी घरांच्या मजबुतीकरणावर मार्गदर्शन निघाले : भिंतीत आरपार भोक पाडा, आकडा वळवलेली सळई घाला, काँक्रीट भरा. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. भरवसा सिमेंटवर बसला, बांधणीवर नाही. मी बँकेत होतो तेव्हाच्या घरकर्जाच्या फॉर्मात सातबारा, चतुःसीमा, जामीनदार सारे काही विचारलेले असे. भिंतीत आरपार दगड किती, हा रकाना नव्हता.

भूकंपापूर्वी हा भाग देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो वरच्या पट्ट्यात गेला. देवणी-उदगीरच्या गावांत माळवदाची घरे अजून आहेत, आजी-आजोबा त्यांत झोपतात. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला बिडवे अभियांत्रिकी आहे. तिथल्या एखाद्या गटाने उभ्या दांड्यांऐवजी आडवे रूळ घ्यावेत, वर सरकते मेज आणि बाजूला लोखंडी लंबक. मेजावर आपल्याच चिखलाच्या, आपल्याच दगडाच्या दोन लहान खोल्या शेजारी शेजारी बांधाव्यात, एक नेहमीच्या पद्धतीची, दुसरी आरपार दगडांची. बांधायला गावचा गवंडी बोलवावा आणि लंबक सोडताना त्याला पुढे उभे करावे, अर्थात दोरीच्या अलीकडे. पहिला धक्का हलका असावा, मग लंबक थोडा थोडा जास्त मागे ओढावा. नमुन्याला गिलावा मात्र करू नये. पहिला दगड कुठून सुटतो, ते गवंड्याला दिसले पाहिजे.